लालबागचे मिस्त्री आणि त्यांच्या पिशव्या

पोस्ट मोठी झाली आहे, सवडीने वाचा.

आपल्या बहुतेक घरांत हल्ली एक विषय असतोच. मुलं पुण्याला, बंगळूरला नाहीतर परदेशात, आणि गावचं घर दुरुस्तीला आलेलं. कुणाचं छत गळतंय, कुणाला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही म्हणून खालीच बाथरूम हवंय, कुणाच्या भिंतीचा पोपडा दर पावसाळ्यात पडतोय. मग फोन फिरतात, "भरवशाचा ठेकेदार आहे का हो कुणी?" आणि सहा-आठ महिन्यांनी त्याच घरातून दुसरा फोन येतो, "तो माणूस फोनच उचलत नाही. निम्मे पैसे घेऊन बसलाय."

मी कॉमर्सचा माणूस. 1974 ला बँकेत लागलो, 2011 ला निवृत्त झालो. विटेला कधी हात लावला नाही. पण एवढ्या वर्षांत लहान ठेकेदारांची खाती पुष्कळ पाहिली. काही वर चढताना पाहिली, जास्त बुडताना पाहिली. आणि एक मिस्त्री असे पाहिले की ज्यांनी चाळीस वर्षं घरदुरुस्तीचा धंदा केला आणि कुणाचं घर अर्धवट सोडलं नाही. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. लालबागचे लोक ओळखतीलच.

लालबाग म्हणजे मुंबईचं नव्हे बरं का, आमचं बुरहानपूरचं. भुसावळहून खंडव्याकडे निघालात की रावेरनंतर थोड्या वेळात बुरहानपूर स्टेशन लागतं. गाडीतून उतरल्यावर जिथे पाय ठेवता ते लालबाग. जुना शहरकोट, किल्ला, तापीचे घाट हे सगळं तिथून पुढे काही किलोमीटरवर. लालबागची ओळख म्हणजे स्टेशन आणि ताप्ती मिल. मिलच्या भोंग्यावर आमच्या घरातला चहा व्हायचा. 1974 ला मिल सरकारने ताब्यात घेतली तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. आजूबाजूची घरं मातीच्या नाहीतर जुन्या पातळ विटांच्या भिंतींची, वर सागाचे सर, त्यावर धाबं किंवा कवेलू. अशा घरांना दर दोन-तीन वर्षांनी माणूस लागायचाच.

मिस्त्री लहानपणी मामाच्या हाताखाली गारा वाहायचे. ऐंशीच्या सुमाराला त्यांनी स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली. तेव्हा ठेकेदारी म्हणजे मुख्यतः सिमेंट मिळवण्याची कला होती. 1982 पर्यंत सगळं सिमेंट परमिटवर, नंतर काही खुलं काही नियंत्रणात, आणि पूर्ण मोकळं झालं ते 1989 च्या मार्चमध्ये. ज्याची तहसीलीत ओळख तो मोठा ठेकेदार. मिस्त्रींची ओळख कुणाशीच नव्हती, म्हणून त्यांनी जुनी घरं धरली. जुन्या घराला सिमेंट कमी लागतं, चुना आणि अक्कल जास्त लागते, असं ते म्हणायचे.

माझी त्यांची पहिली भेट 1987 ची. मी तेव्हा बुरहानपूर शाखेत होतो. एक दिवस हे काउंटरवर आले, अंगावर चुन्याचे शिंतोडे तसेच.

"साहेब, मला तीन पासबुकं पाहिजेत."

"तीन कशाला मिस्त्री?"

"तीन घरं चालू आहेत ना."

आमचा क्लार्क हसला. एका माणसाच्या नावाने एका शाखेत एकच बचत खातं, असा तेव्हा आमच्याकडे नियम. मी त्यांना बसवलं आणि विचारलं, तर त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक घराचा पैसा वेगळा राहिला पाहिजे. घरी त्यांच्या बायकोने मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्या होत्या, प्रत्येकीची नाडी वेगळ्या रंगाची. लाल नाडी स्टेशनजवळचं घर, हिरवी नाडी मिलच्या बाबूंचं घर, असं. ज्या घरमालकाने विसार दिला तो त्याच्या पिशवीत. त्या घराची रेती, वीट, चुना, मजुरी फक्त त्याच पिशवीतून. स्वतःची रोजीसुद्धा ते इतर मिस्त्र्यांसारखी आठवड्याला त्या त्या पिशवीतून घ्यायचे, एक पैसा जास्त नाही. घर पूर्ण झालं, शेवटचा हिशेब चुकता झाला, की पिशवी उलटी करायची. जे खाली पडेल तो नफा. कधी काहीच पडायचं नाही.

घरात एवढी रोकड ठेवायची त्यांना भीती वाटू लागली होती, म्हणून बँकेत आले होते. मी सुचवलं की एक चालू खातं उघडा आणि वहीत प्रत्येक घराला एक पान द्या. खातं त्यांनी उघडलं, वही केली. पिशव्या मात्र सोडल्या नाहीत. पैसे बँकेत आणि पिशवीत चिठ्ठ्या, की या घराचे इतके बँकेत आहेत. आमचा क्लार्क पुढे कितीतरी वर्षं त्यांना "तीन पासबुकवाले" म्हणायचा.

आम्ही कॉलेजात शिकलो होतो की ग्राहकाकडून आलेली आगाऊ रक्कम ताळेबंदात देण्याच्या बाजूला लिहितात. ती कमाई नसते. काम होईपर्यंत ते देणं असतं. परीक्षेत आम्ही सगळ्यांनी ते बरोबर लिहिलं. पण बँकेत बसून पाहिलं तर शंभरातल्या फार थोड्या ठेकेदारांना ते अंगी लागलेलं होतं. चौथी शिकलेल्या या माणसाला ते कुणी न शिकवता कळलेलं होतं.

आता मुद्द्याचं सांगतो. माझ्यासमोर जे ठेकेदार बुडाले त्यातले बहुतेक काम नव्हतं म्हणून बुडाले नाहीत. काम भरपूर होतं तेव्हाच बुडाले. हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, म्हणून हिशेब मांडतो.

समजा, दोन लाखांचं काम आहे. विसार म्हणून साठ हजार आले. पण आधीच्या घराचे शेवटचे तीस हजार मालकाने अडकवून ठेवलेत, आणि तिथल्या मजुरांना तर शनिवारी पैसे द्यायचेत. मग या साठातले तीस तिकडे गेले. आता नव्या घराला तीस कमी पडतात. काय करायचं? तिसरं घर घ्यायचं, त्याचा विसार इकडे लावायचा. तिसऱ्यासाठी चौथं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काय धंदा चाललाय, पाच-पाच साइट एकदम! बँकेच्या खात्यातही भरपूर उलाढाल दिसते. आणि जुलै येतो. पावसात नवीन छत कुणी उघडत नाही, नवा विसार येत नाही, साखळी तुटते. त्या वेळी ज्या घराचं काम निम्म्यावर असेल त्याचा फोन उचलला जात नाही. मुद्दाम लुबाडणारेही असतात, नाही असं नाही. पण मी पाहिलेले बरेचसे लबाड नव्हते, एका घराच्या पैशाने दुसरं घर पुरं करत होते इतकंच.

शिवाय या धंद्यात नफा किती? 1994 साली आयकर कायद्यात लहान बांधकाम ठेकेदारांसाठी 44 एडी नावाचं कलम आलं. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर हिशेबाच्या वह्या ठेवू नका, उलाढालीच्या 8 टक्के नफा धरा आणि त्यावर कर भरा. पुढे हे कलम इतर धंद्यांनाही लागू झालं, मर्यादा वाढल्या, बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के झाले, तो भाग वेगळा. पण सरकारने सुद्धा ठेकेदाराचा नफा धरला तो शंभराला आठ. म्हणजे दोन लाखांच्या कामात सोळा हजार. मालकाने शेवटचे वीस हजार बुडवले की ठेकेदाराने चार महिने फुकट काम करून वर पदरचे चार हजार घातले. हे आपण घरमालक लक्षात घेत नाही. "शेवटचे थोडे राहू दे, बघू नंतर" हे आपल्याला थोडे वाटतात, त्याचे ते सगळेच असतात.

मिस्त्रींचा यावर उपाय होता. जुन्या घरात खरी भांडणं होतात ती "जाता जाता" कामांवरून. बाई म्हणतात, मिस्त्री, जाता जाता एवढा कोनाडा बुजवून द्या. आजोबा म्हणतात, जाता जाता न्हाणीला उतार काढा. दहा अशी कामं झाली की आठ दिवस गेले, आणि हिशेबाच्या वेळी कुणाला आठवत नाही. मिस्त्री काय करायचे, अंदाजाबाहेरचं काम सांगितलं की समोरच्याच भिंतीवर सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहायचे. तारीख, काम, किती रुपये. आणि सांगणाऱ्याला खाली सही करायला लावायचे. चांगल्या चांगल्या वकिलांनी त्यांच्या भिंतीवर सह्या केल्यात! भिंतीवरची वही सगळ्या घराला रोज दिसते, त्यामुळे पन्नास टक्के "जाता जाता" कामं आपोआप बंद होतात. आणि रंगाचा शेवटचा हात द्यायचा तो हिशेब मिटल्यावर. सह्या रंगाखाली गेल्या म्हणजे काम संपलं. एकदा एका घरमालकाने पैसे न देता स्वतःच डबा आणून भिंत रंगवली. मिस्त्रींनी हसून सोडून दिलं, पण त्या गल्लीत पुन्हा काम घेतलं नाही.

दुसरं म्हणजे ते पाहिल्याबरोबर अंदाज द्यायचे नाहीत. नव्या घराचा हिशेब फुटावर निघतो. जुन्या घराच्या पोटात काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. ते आधी एक दिवस फक्त रोजीवर यायचे. एका कोपऱ्यात पोपडा काढून भिंत बघायची, सराच्या टोकाला टोच्या मारून बघायचा की आत वाळवी आहे का, एक फरशी उचलून खालचा भराव बघायचा. त्या दिवसाचे पैसे घ्यायचे, काम मिळो न मिळो. लोक म्हणायचे, दुसरे तर फुकट बघून जातात. ते म्हणायचे, फुकट बघणारा वरवरचंच बघतो.

चुन्याच्या आणि मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर करायला ते सरळ नकार द्यायचे. नव्वदीनंतर सगळ्यांना सिमेंटच हवं असायचं, पक्कं म्हणून. पण अशा भिंती जमिनीतली ओल वर ओढतात आणि बाहेर सोडतात. वरून सिमेंट चोपडलं की ओल आतच कोंडते, आणि दोन पावसाळ्यांत भलामोठा पोपडा चुन्याचा थर घेऊनच खाली येतो. कितीतरी कामं त्यांनी या पायी घालवली. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जायचं आणि तीन वर्षांनी परत यायचं. आमच्याकडे कुंडी भंडारा आहे, लालबागच्या बाजूलाच. जहांगीराच्या काळात, 1615 साली, अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना केलेलं काम. सातपुड्याकडून जमिनीखालून येणारं पाणी भुयाराने एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत खेळवत शहराकडे नेलं. पाण्यातला चुना आत थराथराने साचत जातो, तो वेळच्या वेळी काढला नाही तर वाट बुजते. मिस्त्री पाहुण्यांना तिथे घेऊन जायचे आणि सांगायचे, बघा, बांधणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, साफ करणाऱ्याचं कुणाला नाही. असो, विषयांतर झालं.

1998 चा मे महिना. मी दुसऱ्यांदा बुरहानपूर शाखेत होतो. आमच्या ओळखीच्या एका गुरुजींच्या पत्नी शाखेत आल्या. गुरुजी जाऊन दोन वर्षं झाली होती. काकूंना त्यांची मुदत ठेव मोडायची होती. कारण विचारलं तर रडायलाच लागल्या. एका ठेकेदाराने घराचं धाबं आखाजीच्या सुमाराला खोललं होतं, चाळीस टक्के रक्कम उचलली होती, आणि आता दुसऱ्या गावी मोठं काम मिळालं म्हणून तो गेला तो गेलाच. घर वरून उघडं. आत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. उन्हात वर चादरी बांधून दिवस काढत होत्या. आणि पावसाला पंधरा-वीस दिवस.

मी त्यांना म्हटलं, ठेव मोडू नका, ठेवीवर कर्ज घ्या. नव्वद टक्क्यांपर्यंत मिळतं, व्याजाचा फरक थोडा असतो, आणि पुढे पेन्शनमधून फेडता येईल. ते काम दुपारपर्यंत झालं. संध्याकाळी मी मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी सगळं ऐकलं आणि नाही म्हणाले. हातात तीन घरं होती, तिन्ही पावसाच्या आत पुरी करून द्यायचा शब्द दिलेला. दुसऱ्याने उघडलेलं काम घ्यायचं म्हणजे त्याने काय बिघडवलंय त्याचीही जबाबदारी आपल्यावर. शेजारीपाजारी जमले, सगळ्यांनी आग्रह केला. कुणीतरी म्हणालं, मिस्त्री, तुमच्याकडे तर सगळ्यांचे पैसे पडलेत, उद्याच पत्रे आणून टाका, काकूंचं कर्ज मिळालं की भरून काढाल. ते म्हणाले, "माझ्याकडे पैसे कुठे आहेत? घरांकडे आहेत."

मला तेव्हा जरा रागच आला होता, खरं सांगतो. म्हातारी उन्हात पडलीय आणि हा माणूस पिशव्यांचं सांगतोय.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकलवर तिन्ही घरमालकांकडे जाऊन आले. प्रत्येकाला तेच विचारलं, तुमचे माणूस सहा दिवस दुसरीकडे नेऊ का, तुमच्या पैशाला हात लावणार नाही. दोघे हो म्हणाले. तिसरे नाही म्हणाले, त्यांच्या घरी लग्न होतं. मिस्त्रींनी त्यांच्याकडची जोडी तशीच ठेवली आणि बाकीची माणसं काकूंकडे लावली. नवी पिशवी केली, काळ्या नाडीची. तिच्यात कर्जाची रक्कम आल्यावरच मालाची ऑर्डर दिली. स्लॅब टाकायला वेळ नव्हता, म्हणून जुने सर तपासून चांगले ठेवले, दोन बदलले आणि वर पत्रे. पत्र्याखाली उन्हाचा त्रास होईल म्हणून पुढच्या वर्षी खाली फळ्या मारायच्या, असं ठरलं. सहाऐवजी आठ दिवस लागले. शेवटचे पत्रे ठोकत होते तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि काकू खाली उभ्या राहून मोठ्याने खिळे मोजत होत्या, का ते त्यांनाच माहीत. पाऊस त्याच रात्री आला.

जे लग्नघरवाले नाही म्हणाले होते, त्यांनी नंतर गावभर सांगितलं की मिस्त्री आमचं काम सोडून जाणार होते, आम्ही अडवलं म्हणून राहिले. मिस्त्रींनी उलट काही म्हटलं नाही. त्या घराची पिशवी उलटी केली तेव्हा काही पडलं की नाही, मी विचारलं नाही.

आता त्यांच्या मुलाचं. हा भाग लिहायचा की नाही, मी दोघांनाही विचारलं. मुलगा म्हणाला, लिहा काका, उपयोग होईल कुणाला.

मुलगा शिकलेला, हुशार. 2015 च्या पुढे त्याने धंदा हातात घेतला. मुद्रा योजनेतून किशोर गटातलं कर्ज काढून पिकअप गाडी घेतली. बाहेर राहणाऱ्या मुलांना तो व्हिडिओवर घर दाखवायचा, रंगांचे नमुने पाठवायचा, पैसे थेट खात्यावर. कामं वाढली. वडिलांच्या पिशव्या त्याला गावंढळ वाटायच्या. एकच चालू खातं, सगळं त्यात.

2019 च्या दिवाळीनंतर मिस्त्री माझ्याकडे आले. खुर्चीवर बसेनात. म्हणाले, "साहेब, पोरगं म्हणतं खात्यात नऊ लाख आहेत. मला झोप लागत नाही. तुम्ही एकदा बघता का?"

मुलगा आला तो जरा नाराजीनेच. मोबाइलवर शिल्लक दाखवली, 9,40,000. पाच घरं चालू होती. मी एक कागद घेतला आणि म्हटलं, प्रत्येक घराचे जेवढे पैसे तुझ्याकडे आलेत, तेवढ्या पैशांचं काम पुरं करायला अजून किती खर्च लागेल, तेवढंच सांग. माल आणि मजुरी. पुढचं नको. तो पटापट सांगत गेला, मी लिहीत गेलो. 3,10,000. 2,60,000. 2,25,000. 1,80,000. 1,45,000. बेरीज 11,20,000. मग विचारलं, दुकानांची उधारी? टाइल्सवाला आणि हार्डवेअर मिळून 1,35,000. म्हणजे देणं 12,55,000 आणि हातात 9,40,000.

त्याने बेरीज स्वतः पुन्हा केली. तीच आली. म्हणाला, दोन जुन्या घरांचे नव्वद हजार येणं आहे. मी म्हटलं, धर. तरीही सव्वादोन लाख कमी. आणि त्यात पिकअपचा हप्ता धरलेलाच नव्हता.

"पण काका, कुठे गेले? मी तर एक रुपया उडवला नाही."

त्याने खरंच उडवले नव्हते. बायकोला दागिना नाही, स्वतःला मोटारसायकल नाही. एका घरात फरशीखालचा भराव खचला तो पदरचा भरला, एका ठिकाणी मालकाने टाइल बदलायला लावली आणि लिहून घ्यायचं राहिलं, दर महिन्याला हप्ता, आणि दोन घरांचे भाव काम मिळावं म्हणून कमी लावलेले. प्रत्येक वेळी थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी खात्यात शिल्लक दिसत होतीच.

त्याच आठवड्यात त्याच्याकडे एक मोठं काम चालून आलं होतं, सात लाखांचं, दोन लाख दहा हजार विसार. अमेरिकेतल्या एका मुलाचं घर. तो म्हणाला, हे घेतलं तर भोक बुजतं. मिस्त्री काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, भोक बुजत नाही, त्या घरात सरकतं. मग बाप-लेकाचं जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही. बरंच मोठ्या आवाजात झालं. मुलगा उठून गेला. चार दिवस दोघे बोलत नव्हते.

पाचव्या दिवशी त्याने त्या अमेरिकेच्या माणसाला नाही कळवलं. पिकअप विकली, कर्जाची बाकी फेडून थोडे हातात उरले. उरलेली तूट मिस्त्रींनी आपल्या ठेवीतून दिली, पण तशीच नाही. मुलाकडून कागदावर लिहून घेतलं, दर घरामागे किती परत करायचे ते. चार महिने एकही नवीन काम घेतलं नाही. बाप स्वतः पुन्हा करणी घेऊन कामावर उभा राहिला, पासष्टीच्या वयात. एकेक घर पुरं करत गेले. पाचव्या घराच्या रंगाचा शेवटचा हात 2020 च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाला.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. 25 मार्चपासून सगळं बंद. आमच्या ताप्ती मिलची चाकंही तेव्हा थांबली. लालबागच्या कितीतरी घरांत पगार बंद झाला. गावातल्या निदान चार ठेकेदारांची कामं निम्म्यावर अडकली होती, मजूर गावी निघून गेलेले, मालक रोज फोन करताहेत, पैसे कधीच संपलेले. टाळेबंदी उठल्यावर सळईचे भाव असे चढले की जुन्या अंदाजात काम पुरं करणं कुणालाच शक्य नव्हतं. त्यातल्या एकाने गावच सोडलं. मिस्त्रींच्या घरी त्या दिवसांत कमाई शून्य होती, पण दाराशी कुणी आलं नाही.

काम सुरू झालं ते फुटकर कामांनी. नळ, गळती, एखादी भिंत. मिलमधून सुटलेल्या दोघांना मुलाने हाताखाली घेतलं. 2023 ला विश्वकर्मा योजना आली, त्यात राजमिस्त्रीही आहेत, तेव्हा त्या दोघांची नोंदणी मीच फॉर्म भरून करवली. अवजारांसाठी पंधरा हजारांची मदत आहे, आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, पाच टक्क्यांनी. कुणाच्या ओळखीत कारागीर असतील तर जरूर सांगा.

मुलाने आता मोबाइलमध्ये प्रत्येक घराचं वेगळं पान केलंय. आलेले, गेलेले, आणि तिसरा रकाना "अजून लागणार", तो दर शनिवारी भरतो. आज बँकेत एकाला अनेक खाती मिळतात, तेव्हा दोन खाती केलीत, एक घरांच्या पैशांचं आणि एक स्वतःचं. भिंतीवर लिहिणं त्याने बंद केलं होतं, ते गेल्या वर्षी पुन्हा सुरू केलं. सही झाली की फोटो काढून परदेशातल्या मालकाला पाठवतो. लोकांना ते फार आवडतं म्हणे.

मिस्त्री हल्ली कामावर खुर्ची टाकून बसतात. पोरं प्लास्टरवर पाणी मारतात की नाही एवढंच बघतात. परवा विचारलं, किती घरं चालू आहेत? म्हणाले, तीन. चौथे एक जण मागे लागलेत, बंगळूरहून रोज फोन येतो, पैसे आजच पाठवतो म्हणतात. त्यांना दिवाळीनंतरची तारीख दिली आहे, आणि पैसे तेव्हाच पाठवा म्हणून सांगितलं आहे.